तक्त्यावर नसलेला बाण

१७ नोव्हेंबर १९७१, बुधवार

शशी आज न्हाणीघरात पडला. आई म्हणते, घसरला. घसरलेला माणूस असे हातपाय झाडत नाही — मी पाहिलं! डोळे पांढरे, तोंडाला फेस, जीभ चावलेली. दोन मिनिटं चाललं असेल. घड्याळ बघण्याएवढं भान मला होतं, याचंच आता नवल वाटतं.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? 'ताई, कारखान्यात नको सांगू.' चोवीस वर्षांचा घोडा झालाय, पण कारखाना म्हटलं की शाळेतल्या पोरासारखा घाबरतो. लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, त्याचा हात चांगला बसलाय. कारखाना तोफांचा, युद्ध होणार म्हणून बारा बारा तासांच्या पाळ्या लागल्यात, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! बाबा ऑफिसातून आले तेव्हा आईने सांगितलं, पित्त झालं होतं. मीही मान हलवली.

२० नोव्हेंबर

आज काही नाही. दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवला. शेवटी चिडला — 'मी काय तुझ्या कॉलेजातला बाटलीतला बेडूक आहे? काहून बघून राहिली अशी?'

२४ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा झालं. या वेळी बाबांसमोरच. पित्ताचं सोंग संपलं.

आई त्याच्या अंगाला तेल चोळत बसली होती, तिच्या हाताला दंडावर एक गाठ लागली. वाटाण्याएवढी, कातडीखाली सरकणारी. दाबली तर दुखत नाही. शोधत गेलो तर पाठीवर दोन, मांडीवर तीन. शशी म्हणाला, वर्षभर आहेत, आपोआप जातील म्हणून बोललो नाही. आईने कपाळावर हात मारला. मीही ओरडले त्याला, पण आतून हादरले होते.

२७ नोव्हेंबर

सर्जनला दाखवलं. मोठी रांग, माणूस घाईत. झटक्यांसाठी गोळ्या दिल्या आणि म्हणाला, एक गाठ काढून बघू. मी प्राणिशास्त्र शिकवते हे कळल्यावर हसला — 'तब तो आप ही देख लीजिए, मैडम.' गाठ काढली आणि मिठाच्या पाण्यात घालून बाटली माझ्या हातात ठेवली.

२९ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळा दुपारनंतर रिकामी होती. बाटली उघडली. आत एक पांढुरकी पिशवी, भिजवलेल्या साबुदाण्याहून थोडी मोठी, आणि तिच्यात एका बाजूला दुधाळ ठिपका. दोन काचांमध्ये दाबली, काचा दोऱ्याने बांधल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

चार चूषक, चिकटून बसायच्या वाट्या. मध्ये आकड्यांचा गोल मुकुट, दुहेरी. स्पष्ट! इतकं स्पष्ट आमच्या तक्त्यावरसुद्धा नाही.

तीन वर्षं मी हे डोकं फळ्यावर काढतेय. पट्टकृमी. चपटा. याला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. दुसऱ्याच्या आतड्यात आकडे रुतवून बसतो आणि सगळ्या कातडीने खातो. मानेपाशी नवनवे खंड फुटत राहतात, प्रत्येक खंडात नरही आणि मादीही. शेवटचे खंड म्हणजे अंड्यांनी भरलेल्या थैल्या. ते तुटून बाहेर पडतात. डुक्कर ती घाण खातं. अंड्यातून सहा आकड्यांचं पिल्लू निघतं, आतडं भोकसून रक्तात शिरतं आणि मांसात जाऊन पिशवी करून बसतं. ते मांस माणसाने कच्चं खाल्लं की पिशवीतलं डोकं बाहेर पडून आतड्याला चिकटतं. डुकराकडून माणसाकडे एक बाण, माणसाकडून डुकराकडे एक बाण. मुली छान रंगवून काढतात.

आज पहिल्यांदा खरा पाहिला. तोही माझ्या भावाच्या दंडातला. काच धुवावी की जपून ठेवावी ते कळेना. शेवटी कपाटात मागे ठेवून दिली.

३० नोव्हेंबर

सर्जन म्हणाला, अशाच पिशव्या मेंदूत असणार, म्हणून झटके येतात. त्या काढता येत नाहीत. गोळ्या चालू ठेवायच्या आणि लेथपासून, पाण्यापासून, विस्तवापासून दूर राहायचं. मग विचारलं, मांसाहार? बाबा म्हणाले, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यावर तो उठता उठता म्हणाला, 'तो कहीं बाहर खाया होगा.'

बाहेर. हाच शब्द घरी आला आमच्याबरोबर.

१ डिसेंबर

मी त्याला सरळ विचारलं. कारखान्याच्या कँटीनमध्ये? मित्रांच्या घरी? पार्टीत? तो म्हणाला, 'नाही ना ताई, देवाशप्पथ नाही.' मी म्हटलं, शपथा घेऊ नकोस, काच माझ्याकडे आहे. डुकराच्या अंगातली पिशवी तुझ्या अंगात कुठून येईल? डुक्कर खाल्ल्याशिवाय येईल का?

आई दारात उभी होती. ती ते ऐकून न्हायला गेली.

४ डिसेंबर, शनिवार

काल युद्ध जाहीर झालं. गल्लीत सगळ्या खिडक्यांना काळा कागद लागला. आमच्याकडे कागद पुरला नाही, मी माझ्या जुन्या तक्त्यांच्या मागची बाजू काळी करून चिकटवली. शशीने कौतुकाने बघितलं. चार दिवस अबोला आहे, तोही माझ्याच बाजूने.

७ डिसेंबर, मंगळवार

मनाई असून पाळीवर जातच होता; आज लेथवर पडला. मुरलीधरने — त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा — झटकन पट्टा बंद केला म्हणून हात वाचला. मुरलीधर त्याला रिक्षातून घेऊन आला. म्हणाला, 'दीदी, साहेबांनी सांगितलं, बरा होईपर्यंत घरी राहू दे.' भोंगा झाला की सगळी गल्ली कान टवकारते, कारखान्यात माणसं जेवायलासुद्धा हलत नाहीत, आणि हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मला त्याची दया आली. तरी जाऊन पाठीवर हात ठेवला नाही.

९ डिसेंबर

गावातल्याच राइट टाउन भागातून तुळशीरामजी आले. त्यांच्या विभावरीशी शशीचं साखरपुड्यापर्यंत ठरलं होतं. गोड बोलले, चहा घेतला, मुलीची पत्रिका परत मागितली. झटक्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, 'आम्ही माळकरी माणसं. बाकी काही नाही जी.'

म्हणजे ते 'बाहेर' तिथपर्यंत पोचलं होतं! कोणी सांगितलं कुणास ठाऊक. ते गेल्यावर आईने शशीचं ताट, वाटी, पेला वेगळा केला. देवघरात त्याने जायचं नाही. बाबा कधीच काही बोलत नाहीत.

१२ डिसेंबर, रविवार

आज मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

लिहिताना बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. मी पुन्हा विचारत होते — कबूल कर, म्हणजे आई चार दिवसांनी विसरेल, लपवतोस म्हणून तिचा जीव जळतो. तासभर बोलले असेन. तो आधी नाही म्हणाला, आणि मग एकदम — 'हो, खाल्लं! झालं? खाल्लं मी!' आई स्वयंपाकघरात रडायला लागली. शशी माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता. मी नजर वळवली.

१६ डिसेंबर, गुरुवार

जिंकलो! फटाके, ढोल, कारखान्याच्या गाड्यांवर माणसंच माणसं. खिडक्यांचे काळे कागद पोरांनी टराटरा फाडले. मुरलीधर पेढे घेऊन आला, म्हणाला, 'तुझा हिस्सा आहे बे यात, अर्धे नग तुझ्या हातचे आहेत.' शशी हसला आणि मग उशीत तोंड घालून रडला. मोठ्याने. मी त्याला लहानपणानंतर असं रडताना पाहिलं नव्हतं.

२० डिसेंबर

शशी गेला. कांचघर वस्तीत मुरलीधरच्या खोलीत राहणार. ट्रंक उचलताना आईला म्हणाला, 'तुझ्या स्वयंपाकघरात बाटवाबाटवी नको.' आई आडवी आली नाही. तो गल्ली वळेपर्यंत ती दारात उभी होती, एवढं मी पाहिलं.

२ जानेवारी १९७२, रविवार

मला बघायला अकोल्याचे आले होते. मुलगा सिंचन खात्यात इंजिनियर. वडील, भय्यासाहेब म्हणतात त्यांना सगळे, जुन्या वळणाचे आणि भारी सोवळ्याचे. मी पोहे दिले, मला पगार विचारला नाही, मी शिकवते म्हणून कौतुक केलं. मुलगा मोजकंच बोलला. मला आवडला. सत्ताविसाव्या वर्षी हे लिहिताना हसू येतं, पण आवडला.

भाऊ काय करतो, विचारलं. बाबा म्हणाले, कारखान्यात असतो, ड्यूटी आहे. आयुष्यात पहिल्यांदा बाबा पटकन बोलले!

६ जानेवारी

होकार आला. वैशाखातली तारीख.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला शशी येईल म्हणून आई दारापाशी घुटमळत होती. नाही आला. मुरलीधर आला होता. या महिन्यात तीन झटके आले म्हणाला. आईने डबा भरून दिला. डबा परत आणू नकोस म्हणाली.

१९ जानेवारी, बुधवार

आज वर्गात पट्टकृमी.

नेहमीसारखा तक्ता टांगला, काठीने बाण दाखवले, डुक्कर ते माणूस, माणूस ते डुक्कर. मागच्या बाकावरची मीरा उभी राहिली. साधी मुलगी, परीक्षेत जेमतेम पास होणारी. 'मैडम, अंडे अगर सूअर की जगह आदमी ही खा ले, तो?'

मुली हसल्या. मीही हसले. मग हातातली काठी तशीच राहिली.

काय होईल? डुकराच्या पोटात होतं तेच होईल. अंड्यातून पिल्लू निघेल, आतडं भोकसेल, मांसात जाईल, पिशवी करेल. दंडात. मांडीत. मेंदूत. त्यासाठी डुकराला हात लावायची गरज नाही! उलट मांस खाल्लं तर आतड्यात कृमी होतो. दंडात गाठी होत नाहीत. गाठी होतात त्या अंड्यांनी. दुसऱ्या कोणाच्यातरी आतड्यातून आलेल्या अंड्यांनी. पिशवी डुकरात असते, मग शशीत कशी, हा प्रश्न मला त्याच दिवशी पडायला हवा होता. पडला होताही. पण डुक्कर म्हटल्यावर पुढे माझं डोकंच बंद झालं.

मीराला म्हटलं, उद्या सांगते. तास अर्ध्यावर सोडला.

घरी येऊन माझं एम.एस्सी.चं पुस्तक काढलं. आहे. बारीक अक्षरात चार ओळी आहेत. आणि कडेला माझ्याच हाताने पेन्सिलीत लिहिलंय — परीक्षेला नाही.

२० जानेवारी

तो खरं बोलत होता. शपथ घेऊन खरं बोलत होता, आणि मी काच दाखवून त्याला खोटं ठरवलं. आईला पुस्तकातलं काय कळणार? तिने माझ्यावर विश्वास ठेवला. घरात शिकलेली मी!

२१ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजातून थेट कांचघरला गेले. शशी खोलीत एकटा, भाकरी आणि कांदा खात बसलेला. खूप वाळलाय. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली आणि मधेच रडायला लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मी कागदावर नवा बाण काढून दाखवला — माणसाकडून माणसाकडे.

'अच्छा,' म्हणाला. 'म्हणजे कोणाच्यातरी पोटात तो जंत आहे, आणि त्याच्या हाताने माझ्या पोटात अंडी गेली?'

हो.

'मग तर तो मुजरिम मोकळा फिरून राहिला!' आणि हसला. खरंच हसला. मला वाटलं होतं हाकलून देईल.

२३ जानेवारी, रविवार

शशी घरी आला. बाबा स्वतः गेले आणायला. आईला मी तीनदा समजावलं. ती म्हणते, 'तूच म्हणत होती खाल्लं, आता तूच म्हणते नाही. कोणतं खरं धरू?' तिचं चूक नाही. शेवटी म्हणाली, पुरावा दाखव, मग त्याचं ताट पंगतीत.

म्हणून ठरलं — घरातल्या सगळ्यांची तपासणी. आई कानांवर हात ठेवून आत गेली. बाबा म्हणाले, कॉलेजात कोणाला कळणार नाही ना?

कुठून आलं असेल? भाजीवाला, कँटीनवाला, चाटवाला, कोणीही. पण असं एकदा दोनदा खाऊन इतक्या गाठी होत नाहीत. रोजचं असणार. शिजवलेल्यात अंडी टिकत नाहीत, म्हणजे कच्चं. आमच्या घरी कच्चं काय? कोशिंबीर. मुळ्याची, काकडीची, रोज, आणि ती हातानेच कालवायची, चमच्याने तिला चव येत नाही असं आईचं म्हणणं. बाबांना कवळी, आईला कच्चं सोसत नाही, मला आवडत नाही. वाडगाभर शशी एकटा संपवतो.

कालवते मी.

२५ जानेवारी

शौचाच्या नमुन्यांच्या चार डब्या. नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. आज शशीची पाहिली. पाच काचा केल्या, काही नाही. त्याच्या आतड्यात कृमी नाही! ओरडावंसं वाटलं. घरी सांगितलं नाही. सगळ्यांचं एकदम सांगेन.

तो रोज विचारतो, 'कोण निघालं? आई की बाबा?' आई पुटपुटते, बाबा पेपरात तोंड घालतात. किती दिवसांनी घरात गंमत चाललीय.

२७ जानेवारी

आई — नाही. बाबा — नाही.

माझी डबी उघडली नाही. उद्या.

२८ जानेवारी, शुक्रवार

आहे.

अंडी शोधावी लागलीच नाहीत. अख्खा खंड होता. काचेत दाबला आणि गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या. एका बाजूला नऊ. पुन्हा मोजल्या. नऊ. तेरापर्यंत असल्या तर डुकराकडून येणारा कृमी.

आता लिहिते. या वहीत आजवर लिहिलं नव्हतं.

अडुसष्ट साली सागर विद्यापीठातून आमच्या एम.एस्सी.च्या वर्गाची सहल पचमढीला गेली होती. जंगलात शेकोटी पेटवली. एका मित्राने मांस आणलं होतं, काड्यांना टोचून भाजलं. कसलं ते त्याने आधीच सांगितलं होतं. माझी मैत्रीण पद्मजा नको म्हणाली. मी खाल्लं. दोन तुकडे. बाहेरून करपलेले, आतून कच्चे. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला फार मोकळं वाटलं होतं. घरी आल्यावर न्हाले आणि विसरले. विसरले नाही. कधी विसरले नाही.

शशीवर मी इतकी तुटून का पडले, ते आज कळतं. खाणाऱ्याला कोणीतरी धरायला हवं होतं. मला कोणी धरलं नव्हतं.

तीन वर्षं माझ्या आत तो वाढत होता आणि मी फळ्यावर त्याचं चित्र काढत होते. माझ्या हातांनी मी शशीला रोज वाढलं. त्याचा लेथ गेला, विभावरी गेली, डोक्यातल्या गाठी तर कधीच जाणार नाहीत. मी औषध घेईन, चार गोळ्यांत माझा कृमी पडून जाईल. मला साधी डोकेदुखीसुद्धा नाही!

२९ जानेवारी

शशीला सगळं सांगितलं. पचमढीसुद्धा. बराच वेळ नखाने भिंतीचा रंग खरवडत बसला. मग म्हणाला, 'म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो.' मी म्हटलं, नव्हतास, आत्ताच जाऊन आईला सांगते. तर त्याने माझा हात धरला — 'काहून? माझं तर मोडलंच आहे ताई. अकोल्याचं कशाला मोडून राहिली? सांग, माझ्यातच निघाला.'

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले.

जेवायला बसलो. आईने विचारलं, 'झालं का बघून? कोणाचं निघालं गं?'

'शशीचं,' मी म्हटलं.